तीच पोटरी, तीच टपरी: वारंवार दुखणाऱ्या पोटरीचा माग

घरातून निघून गल्लीच्या टोकाला आलं की इस्त्रीवाल्याची टपरी लागते. मोजून अडीचशे पावलं. दीड वर्षं माझी उजवी पोटरी बरोबर त्या टपरीपाशी धरायची. आतून कोणी ओलं फडकं पिळतंय असं वाटायचं. मी थांबायचो, मोबाइल काढून फार महत्त्वाचा मेसेज आल्यासारखं तोंड करायचो, दोन-तीन मिनिटांत पोटरी सुटायची, की पुढे. मंडईच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. घरात बसून असलो तर दिवसभर काही नाही. रात्री झोपेतही काही नाही.

या दीड वर्षात मिळालेले निष्कर्ष क्रमानं असे: गोळा आलाय. कॅल्शियम कमी आहे. शीर चढलीय. चप्पल बदला. साठी आली आता, चालायचंच. (चालता येत नव्हतं, हीच तर तक्रार होती.) मग पाठीचा एमआरआय झाला, कंबरेतली एक गादी फुगलेली दिसली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सायटिका! आठ महिने शेक, कंबरेला पट्टा, सतरंजीवर पडून व्यायाम. पाठ छान मोकळी झाली. पोटरी टपरीपाशीच थांबत राहिली.

नंतर कळलं की फुगलेल्या गादीवर इतका भरवसा टाकायला नको होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय बघितले तर सुमारे 60 टक्के लोकांत गादी फुगलेली होती. म्हणजे एमआरआयत काही ना काही दिसणारच. त्याचा आपल्या दुखण्याशी संबंध आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तो फिल्म बघून सुटत नाही.

मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरात आणि आसपास पोटरी बऱ्याच जणांची दुखली, प्रत्येकाचं कारण निराळं निघालं आणि सगळ्यांना पहिला सल्ला एकच मिळाला होता: तेल लावून चोळ. म्हणून हे लिहितोय.

वाचत बसू नका, आधी जा

एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दाबली तर दुखते: त्याच दिवशी डॉक्टर. त्याबरोबर दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थेट हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. पाय अचानक गार, पांढराफटक, बधिर पडला तरी तेच. तिथे हिशेब तासांचा असतो, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ताप आहे, डोळे लाल आहेत आणि पोटऱ्यांना हात लावू देववत नाही, तेही पावसाळ्यात, तर त्याच दिवशी. पोटऱ्या-मांड्या भरून आल्यात आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तरीही त्याच दिवशी.

यातलं काहीच नसेल, पण दुखणं परत परत येत असेल, तर पुढचं सावकाश वाचा.

मोजे काढा

आमचे जुने फॅमिली डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. तिनं पहिल्याच भेटीत मला बूट-मोजे काढायला सांगितले. दीड वर्षात हे पहिल्यांदा. तोपर्यंत सगळ्यांनी ‘कुठे दुखतं’ विचारलं होतं. तिनं विचारलं, किती चाललं की दुखतं, नुसतं उभं राहिलं तर जातं की बसावंच लागतं, चढावर लवकर येतं का. मी टपरीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “रोज तीच टपरी?” आणि लिहायचं थांबली.

मग तिनं पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेच्या जरा बाहेर दोन बोटं ठेवली. डाव्या पायाला नाडी लागली. उजव्या पायाला ती बोटं सरकवत राहिली, डोळे मिटून, बराच वेळ. मग आतल्या घोट्याच्या मागे. तिथे अगदी पुसट. उजव्या नडगीवरचे केस जवळजवळ गेले होते, नखं जाड झाली होती. हे मी रोज आंघोळीला बघत होतो.

पुढची तपासणी इतकी साधी की हसू आलं. बीपीचा पट्टा दंडाला आणि मग घोट्याला, वर पेनसारखं, आतलं रक्त वाहताना ऐकवणारं डॉप्लरचं यंत्र. दंडाचा आकडा 142, उजव्या घोट्याचा 96. घोट्याचा भागिले दंडाचा: 0.68. याला एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) म्हणतात. 1.00 ते 1.40 ठीक, 0.90 किंवा खाली म्हणजे पायाच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीत, अडथळा. 1.40 च्या वर गेला तर तेही चांगलं नाही. जुन्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कडक होऊन पट्ट्याला दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटा फुगतो. मधुमेह्यानं ‘आकडा तर चांगलाय’ म्हणून निवांत होऊ नये. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात.

हे दुखणं असं वागतं तरी का, ते मला सोसायटीच्या पाण्यावरून समजलं. आमच्याकडे खालून येणारा पाइप आतून गंजलाय. एकच नळ उघडा असला तर चौथ्या मजल्यावरही पाणी येतं. सकाळी सगळे नळ सुटले की वर नुसती हवा. माझ्या रोहिणीचंही तसंच: बसल्या जागी पोटरीला रक्त पुरतं, चालायला लागलो की मागणी कित्येक पटींनी वाढते आणि पुरवठा तोच. उभं राहिलं की मागणी उतरते, उधारी फिटते, पोटरी सुटते. म्हणून टपरी ठरलेली आणि थांबायची मिनिटंही ठरलेली. जर्मनीत या दुखण्याला ‘दुकानाच्या काचा बघण्याचा आजार’ अशा अर्थाचा शब्द आहे. माणसं चारचौघांत दुखतंय हे न दाखवता दुकानासमोर थांबतात. तिकडे शोकेस, माझ्याकडे मोबाइल.

माझ्याकडे कारणं भरपूर होती. मधुमेह अकरा वर्षांचा, सिगारेट सत्तावीस वर्षं ओढलेली. सिगारेट सोडून दशक लोटलं म्हणून मी ती हिशेबातच धरली नव्हती, डॉक्टरांनी धरली. तिशी-पस्तिशीतल्या विडी-सिगारेटवाल्याला पावलात किंवा पोटरीत असं दुखत असेल, बोटांची टोकं काळी-निळी पडत असतील, तर बर्गरचा आजार नावाचा निराळा प्रकार असू शकतो. त्यात तंबाखू पूर्ण बंद करणं हाच मुख्य उपाय. खायच्या तंबाखूनंही तो चालू राहतो, तेव्हा विडी सोडून मळायला लागलेल्यांनी स्वतःची समजूत काढू नये.

पायातला पाइप तुंबलाय म्हणजे हृदयाचा आणि मेंदूचाही तुंबत असणार, हे डॉक्टरांनी मला खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं. पोटरीचं दुखणं घेऊन गेलो आणि ईसीजी, कोलेस्टेरॉल, साखर, सगळं उकरलं गेलं. ते बरंच झालं.

शेजारच्या काकांचं, दिसायला हुबेहूब

आमच्या विंगमधले एक काका माझ्यासारखेच चालता चालता थांबायचे. मी त्यांना उत्साहानं ‘तुमचीही नाडी बघा’ म्हणून पाठवलं. नाड्या ठणठणीत. त्यांच्या मणक्यातली नसांची जागाच अरुंद झाली होती.

फरक कळल्यावर इतका उघड वाटतो की आधी कसा दिसला नाही याची लाज वाटते. मी नुसता उभा राहिलो तरी माझी पोटरी सुटते. काकांना उभं राहून आराम पडत नाही, त्यांना कट्ट्यावर बसावं लागतं किंवा वाकावं लागतं. मॉलमध्ये ढकलगाडीवर ओणवं होऊन ते तासभर फिरतात. सायकल मजेत चालवतात. पर्वती चढताना मी निम्म्या वाटेत बसतो. ते चढून जातात आणि उतरताना रडतात, कारण उतरताना कंबर मागे जाते आणि नसा आणखी आवळल्या जातात. त्यांना पोटरीबरोबर मांडीतही दुखतं, मुंग्या येतात, आणि अंतर रोज बदलतं. माझं बदलत नाही.

एका बाजूची नस दबली असेल तर खूण आणखी वेगळी: कळ नितंबापासून पोटरीपर्यंत उतरते, पावलाची बाहेरची कड बधिर होते, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलता येत नाही. ही टाच उचलायची परीक्षा घरी भिंतीला हात लावून घेता येते.

वहिनीची गुठळी

वहिनी मुलाकडे न्यू जर्सीला गेली होती. परतीचं विमान पंधरा तासांच्या आसपास, खिडकीची जागा, शेजारी झोपलेला माणूस. दर वेळी त्याला उठवायचं कसं म्हणून ही पाणीच प्यायली नाही आणि जागची हललीही नाही. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी डावी पोटरी ताठ. ‘प्रवासाचा शीण’ म्हणून कामाच्या मावशींकडून दोन दिवस तेल चोळून घेतलं.

हेच करायचं नव्हतं. खोल शिरेतली रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. सूज एका पायाची आहे आणि कारण कळत नाही, तोवर चोळणं, रगडणं, मालिश पूर्ण बंद. पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर दोन्ही पोटऱ्या मोजायला लावल्या. शिंप्याची टेप घ्यायची, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून दहा सेंटिमीटर खाली खूण करायची, दोन्ही पायांना तिथेच मोजायचं. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर डॉक्टर तो गंभीरपणे घेतात. वहिनीचा चार निघाला. डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसली, रक्त पातळ करणारं औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं आणि तीन महिने चाललं.

टेपनं फरक निघाला नाही म्हणजे गुठळी नाही, असं मात्र नाही. पाऊल वर ओढून पोटरी दुखली तर गुठळी, अशीही एक युक्ती फिरत असते. तिच्यावर विसंबू नका, ती दोन्ही बाजूंनी फसवते. गुठळीची शंका डॉक्टरांना यावी म्हणून आपण सांगायच्या गोष्टी: नुकतंच ऑपरेशन, पायाला प्लास्टर, आजारपणात अंथरुणाला खिळणं, बाळंतपण होऊन सहा आठवडे झाले नसणं, कर्करोग, घरात कुणाला आधी गुठळी झालेली, गर्भनिरोधक गोळ्या. आणि एक जी बायका सांगतच नाहीत: गौरी-गणपतीला किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या असतात, त्यामुळे ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येतं.

गुडघ्याची झीज असलेल्या बायकांमध्ये हुबेहूब असाच पाय आणखी एका कारणानं सुजतो. गुडघ्यामागे पाण्याची गाठ झालेली असते, ती फुटते आणि पाणी पोटरीत उतरतं. काही दिवसांनी घोट्याजवळ काळानिळा डाग दिसतो. सोनोग्राफीत दोन्ही वेगळे ओळखता येतात, घरी येत नाहीत.

भाच्याचा ताप

भाचा सिंधुदुर्गात. जुलैत तरवा काढणं, चिखल, लावणी, आठ दिवस गुडघाभर पाण्यात. त्यानंतर थंडी वाजून ताप आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की पांघरूण लागलं तरी ओरडायचा. घरचे म्हणाले, लावणीचा शीण. वर्षानुवर्षं लावणी करणाऱ्याला शीण कसला असतो ते ठाऊक असतं, तोच म्हणाला हा तो नव्हे. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पोटरी हलकी दाबली, डोळे बघितले आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. लेप्टोस्पायरोसिस.

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटल्या जागेतून आपल्या अंगात. कोकणातल्या भातखाचरांइतकाच तो मुंबईतल्या तुंबलेल्या रस्त्यांचाही आजार आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पाण्यातून चालल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, म्हणजे तोवर ते पाणी माणूस विसरलेला असतो. डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’ एवढं एक वाक्य सांगा. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि थांबलं तर मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुस यांच्यावर जातं. ताप आणि पोटरी एकत्र आलं की चोळणं, वेदनाशामक गोळी खाऊन पुन्हा शेतात जाणं, हे दोन्ही नको.

आईचे रात्रीचे गोळे

खरा गोळा म्हणजे आईचा. पहाटे तीनला पोटरी दगडासारखी होते, हाताला गाठ लागते, पाऊल खाली खेचलं जातं, काही मिनिटांत सुटतं आणि दुसऱ्या दिवशी जागा ठणकत राहते. माझी पोटरी दुखायची तेव्हा दाबून बघितली तर मऊच असायची. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर कॅल्शियमचे निदान दोन डबे वाचले असते.

गोळा आला की पावलाची बोटं हातानं गुडघ्याकडे ओढून धरायची, किंवा उठून टाच जमिनीला टेकवून भिंतीवर रेलायचं. झोपण्याआधी हाच ताण दोन-तीन मिनिटं दिला तर आईचे गोळे कमी होतात. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कर माणसांत फारसा उपयोग दिसलेला नाही. क्विनाइन पूर्वी देत असत, आता त्याच्या दुष्परिणामांमुळे या कामासाठी देऊ नये असंच सांगतात. गोळे वाढले तर लघवी वाढवणारी बीपीची गोळी, थायरॉइड, पोटॅशियम, मूत्रपिंड यांच्याकडे बघावं लागतं. आईच्या बाबतीत बीपीची नवी गोळी निघाली.

दुखत नाही, पण रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं होतं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, हे गोळे नव्हेत. त्यात शरीरातला लोहाचा साठा तपासून घेतात.

औषधांचं खातं

माझी गाडी रुळावर आली तोच दुसरं दुखणं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर दोन्ही पोटऱ्या आणि मांड्या जड, बसल्या जागी. मी लगेच गोळीला दोष देऊन मोकळा झालो. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा होतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, केली, नॉर्मल. ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं, ते भरून काढल्यावर जडपणा उतरला. लंडनमधल्या संशोधकांनी 2020 साली एक चाचणी प्रसिद्ध केली होती. या गोळ्या सहन होत नाहीत म्हणणाऱ्या 60 लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला त्यातला सुमारे 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. काहींचा त्रास खरा असतो, म्हणून तपासायचं. पण आपल्या मनानं बंद करायचं नाही.

मित्राला बॅडमिंटन खेळताना मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं, वळून बघतो तर कुणी नाही. पोटरीचा आतला स्नायू फाटला होता. हे वारंवार येणाऱ्या दुखण्यात मोडत नाही, पण पूर्ण बरं होण्याआधी कोर्टवर उतरलं की वारंवार होतं. त्यानं उतरून दाखवलं. टाचेच्या वरची दोरी दुखत असेल आणि नुकताच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेवोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा. ती औषधं क्वचित त्या दोरीवर येतात, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असेल तर जास्त.

दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या, म्हणजे शिक्षक, न्हावी, कंडक्टर यांच्या पोटऱ्या संध्याकाळी भरून येतात, शिरा दोरखंडासारख्या दिसतात आणि पाय उशीवर ठेवले की बरं वाटतं. माझ्या आजाराच्या हे बरोबर उलट. रोहिणी फार तुंबली तर रात्री पाय वर ठेवून दुखतं आणि पलंगावरून खाली लोंबकळत सोडले की आराम पडतो. तसं व्हायला लागलं किंवा पावलाची जखम भरेनाशी झाली तर व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, जायला उशीर करू नका.

माझं सध्याचं

मला शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. औषधं आहेत, आणि चालणं आहे, जे ऐकून मला डॉक्टरांची शंकाच आली होती. दुखतं म्हणून आलो आणि सांगतात चाला. पण पद्धत आहे: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं, असं सगळं मिळून 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, निदान बारा आठवडे. पहिले चार आठवडे काहीही फरक नाही. मी वहीत खांब मोजून ठेवत होतो, म्हणून सोडलं नाही.

बारा आठवड्यांनी आकडा पुन्हा काढला: 0.70. मी हिरमुसलो. डॉक्टर म्हणाली, आकडा फारसा हलत नाहीच, स्नायू तेवढ्याच रक्तात काम करायला शिकतो, तुमची टपरी कुठे गेली ते सांगा. टपरी गेली होती मंडईच्या पुढे, एटीएमपाशी. आता मी इस्त्रीवाल्यासमोरून न थांबता जातो. त्याला वाटलं, मी कपडे दुसरीकडे टाकायला लागलो.